अर्शियाच्या खिडक्या

अर्शियाचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, की क्रांतीनं मनात ठेवून लिहिलं. मनात ठेवायचं काय त्यात? अख्ख्या वाईला माहीत हाय.

वाईच्या एसटी स्टँडजवळ मानसिंगरावांचं फ्लेक्सचं दुकान हाय. मानसिंगराव रिटायर फौजी. दुकान उघडलं तेव्हापासून डिझाईन मीच करते. वाढदिवस, दशक्रिया, बैलगाड्यांच्या शर्यती, पोरगा पोलिसात लागला म्हणून अभिनंदन. सगळ्या तालुक्याचे चेहरे माझ्या हाताखालून गेलेत. कुणाचा गाल उजळायचा, कुणाच्या मिशीला हात लावायचा न्हाई, शुभेच्छुकांच्या रांगेत कोण कुणाच्या शेजारी चालत न्हाई, मला सगळं तोंडपाठ.

आणि मग ही बया आली. जैनुद्दीन पेंटरची पोरगी, बारीक चणीची, ओढणी पिनेनं गच्च बसवलेली. आल्या आल्या काम सोडून ती खिडक्या लावत बसली. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खिडक्या. माझ्या स्क्रीनवर त्या एकीवर एक पडलेल्या असतात, धुवायला टाकलेल्या कपड्यांसारख्या. पाहिजे ती मी बरोबर ओढून काढते, आणि जी वर असते तिच्यात काम करते. माझं कधी अडलं न्हाई.

हिचं तसं नव्हतं. डाव्या अर्ध्यात व्हॉट्सॲप, तिथं गिऱ्हाइकाचे फोटो येणार. उजव्या अर्ध्यात कोरल, तिथं डिझाईन होणार. खाली कोपऱ्यात मशीनची बारकी खिडकी, काय छापतंय ते दिसायला. विंडोजचं बटण दाबून बाण मारला की खिडकी गुमान आपल्या जागेवर जाऊन बसायची. माझा एक फ्लेक्स होईपर्यंत हिचे दोन व्हायचे, वर चहा पिऊन कपसुद्धा विसळून व्हायचा.

"कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई, ताई. माझं मीच."

माझं मीच म्हणे! एवढा जळफळाट झाला माझा, की त्या दिवशी मी एका नवरदेवाला चुकून लिपस्टिक लावली.

मानसिंगरावांना तर आनंदाचं भरतं आलेलं. फौजी माणूस, सरळ रेघ दिसली की खूश. "क्रांते, बघ जरा! लाईन कशी हाय! परेड हाय परेड!" असं ते गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे. मी मान खाली घालून कुणाच्या तरी गळ्यातली चेन पिवळी करत बसायचे.

तेवढंही मी गिळलं असतं. पण त्या उन्हाळ्यात मानसिंगराव बायकोला घेऊन आसामला निघाले होते, पोराकडं. जयराज त्यांचा थोरला, तिकडं पोस्टिंगवर. दोन महिने दुकानाच्या चाव्या आमच्या दोघींतल्या एकीकडं द्यायच्या होत्या. दोघींतल्या कसल्या, माझ्याकडंच यायला पाहिजे होत्या! माझ्या सासूबाईंनी, हरणाबाईंनी, गल्लीभर सांगूनही टाकलं होतं की आमची सून आता दुकान सांभाळणार.

जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी जेवून आले तर माझ्या खुर्चीत अर्शिया. माझा ढीग गायब आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी उभ्या.

"मालक म्हणाले, ताईंचंबी लावून दे."

माझ्या पोळपाटावर दुसऱ्या बाईनं पोळ्या लाटाव्यात तसं झालं मला. सगळं उसकटून टाकणार होते, पण मानसिंगराव मागंच उभे होते. "छान झालं हं," म्हणाले. मग मी बसले तशीच.

आता आमच्याकडची रीत सांगते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली जे शुभेच्छुक, तेच दशक्रियेच्या फ्लेक्सवर शोकाकुल. तीच पोरं, तेच गॉगल, तेच जोडलेले हात. त्या दिवशी आमचं बुलेटवालं गिऱ्हाईक राजवर्धन, त्याचा वाढदिवस होता आणि त्याच्याच आळीतल्या एका म्हाताऱ्या पैलवानाची दशक्रिया. खालची पोरं तीच, म्हणून अर्शियानं दोन्ही फ्लेक्स शेजारी लावलेले. अर्ध्या अर्ध्या खिडकीत वरचा मजकूर दिसतच नव्हता. इकडं फोटोचा मोकळा गोल, तिकडं फोटोचा मोकळा गोल, दोन्हीखाली तेच गॉगल. मी राजवर्धनचा फोटो उचलला, गोलात सोडला आणि छापायला दिला.

"ताई!"

अर्शिया किंचाळली आणि तिनं तिच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून मशीन थांबवली. मी उठून बघते तर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली राजवर्धन, मिशीपर्यंत छापलेला.

मानसिंगराव धावत आले. "हे कुणी केलं?"

मला वाटलं, पोरगी काहीतरी सांभाळून घेईल. छे! "क्रांतीताईंनी," तिनं सांगून टाकलं.

"आणि खिडक्या कुणी लावल्या?" मी ओरडले.

"खिडक्या कुणीबी लावू दे," मानसिंगराव म्हणाले, "छाप म्हणलं कुणी?"

तेवढ्यात दारात बुलेट वाजली. राजवर्धनच! मी तो तुकडा फाडला, घडी करून खुर्चीत टाकला आणि त्याच्यावर बसले. तो गडी आरामात बसला, चहा प्याला, माझा फोटो जरा गोरा करा म्हणाला. मी हसून मान हलवत होते आणि समोर मानसिंगराव माझ्याकडं बघतही नव्हते.

चाव्या अर्शियाला मिळाल्या. सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या न्हाईत.

आणि खरं सांगू? आता मीही खिडक्या तशाच लावते. काम लय लवकर होतं, मेलं. फक्त वाढदिवस आणि दशक्रिया शेजारी ठेवत न्हाई. पण अर्शिया बघायला लागली की सगळं पुन्हा एकावर एक टाकते. तिला तेवढं समाधान कशाला द्या?

परवा दुपारी ती बँकेत गेली होती. तिचा विसरलेला डबा घेऊन तिचे वडील आले. भिंती रंगवायचं काम फ्लेक्सनं कधीच खाल्लं, तरी त्यांच्या नखांत रंग होता. डबा हातात धरून ते माझ्या मागं उभे राहिले आणि स्क्रीनकडं बघतच राहिले.

"हे असं मांडायला तुमाला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "कुणी न्हाई, चाचा. माझं मीच."

"आन् आमची अर्शिया काय सांगती?"

"तीबी तेच सांगती."

ते जरा हसले. "भिंत रंगवायच्या आधी मी सुतळीला नीळ लावून अशाच रेघा मारायचो. मधी एक उभी. डावीकडं मजकूर, उजवीकडं चित्र, खाली कोपऱ्यात माझं नाव. सुतळीचं दुसरं टोक तीच धरायची, एवढीशी व्हती तवा." मग टेबलावर डबा ठेवून ते निघून गेले.

मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. माझ्या हातात कुणी कधी सुतळीचं टोक दिलं नव्हतं.

अर्शिया आली, हात धुऊन डबा उघडला.

"तुझे वडील आणून देऊन गेले," मी म्हणाले. "खिडक्या बघत उभे होते. विचारत होते, कुणी शिकवलं."

तिचा हात थांबला. "मग तुमी काय सांगितलं?"

"माझं मीच, म्हणलं."

"आणि माझं?"

"तुझंबी तेच सांगितलं. मग ते सुतळीची गोष्ट सांगून गेले."

तिनं डब्याचं झाकण परत लावलं.