सुधीरचा वजनकाटा

सुधीर गेल्याचा त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप... आणि आता काही आठवडे उलटले तरी तो उतरायचं नाव घेत नाही. पुण्यात सुधीर आणि मी एका वर्गात होतो, इथे अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला दोन घरं सोडून राहत होतो. त्या हक्कानं मी गेलेल्या माणसावर चिडते आहे.

मधली काही वर्षं तो नोकरीसाठी टोकियोत होता आणि तिथून घोड्यांच्या शर्यतींचं वेड घेऊन आला. रविवारी सकाळी त्याच्याकडे चहाला गेलं की टीव्हीवर जपानमधली शर्यत आणि सोबत प्रवचन. इथल्या मोठ्या शर्यती बहुतेक मातीवर, गेट उघडल्यापासून जीव तोडून पळायच्या; तिथल्या हिरवळीवर, शेवटच्या वळणापर्यंत दम राखून. शर्यतीच्या दिवशी घोड्याला औषध टोचणं इथे अजून बऱ्याच ठिकाणी चालतं, तिथे अजिबात नाही. तिथे लोक आवडत्या घोड्यासाठी हातानं कापडी फलक शिवून आणतात, घोडा हरला तरी पुढच्या वेळी तोच फलक घेऊन हजर. "इथे लोक घोड्याचं नावसुद्धा घेत नाहीत यार, नुसता नंबर ओरडतात," तो करवादायचा. आतून मेधा म्हणायची, "झालं याचं सुरू!"

पण त्याचा खरा जीव अडकला होता वजनात. जपानमध्ये शर्यतीआधी प्रत्येक घोड्याचं त्या दिवशीचं वजन जाहीर करतात; मागच्या शर्यतीपेक्षा किती वाढलं, किती घटलं, तेही. मी एकदा वैतागून विचारलं, "सुध्या, घोड्याच्या वजनाशी तुला काय करायचंय?"

"शैले, पोटात दुखतंय हे घोडा सांगणार कसा? त्याचं वजन सांगतं. इथे कुणी अनाउन्सच करत नाही. बघणाऱ्यानं काय समजायचं?"

मग त्यानं स्वतःच्या दारातच वजनकाटा ठेवला. चहाला आलेल्या प्रत्येकानं आधी त्यावर उभं राहायचं, की हा रेसकोर्सवरच्या आवाजात, "शैला, प्लस टू!" दिवाळीनंतर तर मी त्याच्या घरी जायचीच टाळायचे. शेवटी तो स्वतः चढायचा आणि आपलाही आकडा तसाच ओरडायचा.

गेल्या उन्हाळ्यात काटा दारातून नाहीसा झाला. "बिघडलाय," तो म्हणाला. मी सुटले म्हणून खूश! तो वाळला होता, पण विचारलं की उत्तर तयार, "डाएट करतोय. रियाच्या लग्नात शेरवानीत मावायला नको?" मुलीच्या लग्नात तो वरातीपुढे नाचला, आणि पाहुणे गेल्यावर एकटाच डॉक्टरकडे गेला. पोटाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला.

"आधी का नाही बोललास?" मेधानं हॉस्पिटलमध्ये विचारलं.

"तुम्ही लग्न कॅन्सल केलं असतंत..."

केलंच असतं! लग्न काय पळून जात होतं? मुक्या घोड्यांसाठी जीव टाकणारा हा माणूस, याला चांगली वाचा होती, आणि हा गप्प बसला. "आय थॉट इट वॉज द डाएट, मावशी," रिया मला बिलगून पुन्हा पुन्हा म्हणत होती.

परवा मेधाबरोबर चपलांचं कपाट आवरत होते. मागे काटा सापडला. "बिघडलेला आहे, टाकून दे," ती म्हणाली. मी तो उलटा केला. आतले सेल काढून घेतले होते. टीव्हीच्या रिमोटमधले सेल घातले तर काटा लगेच सुरू झाला, चांगला ठणठणीत.

मेधा चपला काढून त्यावर चढली, आणि उतरायचं सोडून तशीच उभी राहिली. तिचा उन्हाळ्यातला आकडा आम्हा सगळ्यांना पाठ होता.

"मेधा, मायनस सिक्स!" मी मोठ्यानं म्हणाले, आणि तिला न विचारता तिच्या डॉक्टरांना फोन लावला.