चौकाची रिकामी जागा

ज्या घरात लग्न नाही, तिथल्या भिंतीवर लग्नाचा चौक काढायला तुम्ही कुणाला सांगाल का?

आमच्या सरांनी सांगितलं. डहाणूच्या कलावर्गात एक आदिवासी मुलगी पहिल्या वर्षाला माझ्यासोबत होती, तलासरीजवळच्या पाड्यावरून यायची. कायम जमिनीवर बसायची आणि बांबूची काडी चावून तिचा ब्रश करायची. मी हसलो, तर म्हणाली, "तुझ्या ब्रशाला कुणाचे केस लावलेत, ते विचार आधी."

वर्षअखेरच्या कामाचा विषय होता 'माझी परंपरा, आजची कला'. सर तिला म्हणाले, "तुमच्याकडचा चौक काढ. लोकांना तोच हवा असतो."

"लग्न कुणाचं आहे, सर?"

"कागदावर कसलं आलंय लग्न?"

"मग चौक तरी कसला? तो सवाशिणी काढतात, नवरा-नवरीसाठी."

तिने कागद गेरूने सारवला, कडेने नाचणारी माणसं काढली, ताडाची झाडं काढली आणि मधोमध चौकाची जागा रिकामी सोडली. सरांनी 'अपूर्ण' असा शेरा मारून तिला नापास केलं. वर्गात कुणीही तोंड उघडलं नाही, मीसुद्धा नाही. तिने वर्ग सोडला; आता ती चिखले गावात चिकूच्या वाडीत कामाला जाते.

रविवारी आमच्या वर्गाचं प्रदर्शन आहे. या, आणि चौक न काढणाऱ्या मुलीचा कागद कुठे लावलाय, हे सरांना सगळ्यांसमोर विचारा.