दुपारच्या शिफ्टमधले राऊत

राऊत कुठल्याही टेनिसपटूला त्याच्या नावाने हाक मारत नसत. नावं त्यांना सगळी पाठ होती, पण प्रत्येकाचं त्यांनी नव्याने बारसं केलं होतं. सर्व्हिसआधी वीस-वीस वेळा चेंडू आपटणारा एक उंच खेळाडू होता, त्याचं नाव भटजी. ‘‘संकल्प सोडतोय,’’ राऊत म्हणत. ‘‘याची सर्व्हिस होईस्तोवर माझ्या अंगातलं दोनशे मिली पाणी निघून जाईल.’’ प्रत्येक फटक्याला ओरडणारी एक मुलगी होती, ती भोंगा. पॉइंट गेला की प्रशिक्षकाकडे बघून तक्रार करणारा एक जण होता, तो जावई.

हे सगळं चालायचं माणिकपूरच्या एका डायलिसिस सेंटरात, मंगळवार-गुरुवार-शनिवार, दुपारी एक ते पाच. सहा बेड, सहा यंत्रं आणि समोरच्या भिंतीवर एक टीव्ही. हातात दोन जाड सुया खुपसलेल्या असतात, एकीतून रक्त यंत्रात जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. तो हात चार तास हलवायचा नाही. राऊतांचा डावा हात यंत्राला बांधलेला असे आणि उजव्यात रिमोट. रिमोट त्यांच्याकडे कसा आणि कधी गेला हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी माझ्या वडिलांना, अण्णांना, घेऊन विरारहून तिथे जाऊ लागले ते जानेवारीत. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. आयुष्यभर मोजकं बोलले, आणि डायलिसिस सुरू झाल्यापासून तेवढंही बंद झालं होतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या बेडवरून राऊत म्हणाले, ‘‘तुम्ही बातम्या बघणारे दिसता. इथे मिळणार नाहीत. इथे फक्त टेनिस.’’ अण्णांनी तोंड फिरवलं. राऊतांना त्याचं काहीच वाटलं नाही. ‘‘मेलबर्नला आत्ता संध्याकाळ आहे,’’ ते छताकडे बघत म्हणाले. ‘‘निळं कोर्ट. त्याला मी कोर्ट मानत नाही, बाय. ती फरशी.’’

त्यांचा हा अधिकार मला नंतर कळला. राऊत विरारजवळच्या नंदाखाल गावचे, नारळी-केळीच्या वाडीतले. पण तरुणपणी ते मुंबईच्या एका जिमखान्यात कामाला लागले आणि तिथली टेनिसची कोर्टं त्यांनी चौतीस वर्षं सांभाळली. पहाटे पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. स्वतः रॅकेट कधी हातात धरली नाही. ‘‘खेळणारे येतात नि जातात,’’ ते सांगत. ‘‘आपण माती बघायची.’’ त्यामुळे त्यांची कॉमेंट्री जगावेगळी असे. कुणी घसरून पडलं आणि कॉमेंटेटर त्याच्या पायांच्या हालचालींवर बोलू लागला, की हे म्हणायचे, ‘‘पोराचा दोष नाही. सकाळी पाणी कमी मारलंय. मी असतो तर साहेबाने माझा पगार कापला असता.’’ कुणी चिडून रॅकेट आपटली की म्हणायचे, ‘‘मोडा. आपल्या घरचीच आहे.’’ कुणी पोटरी धरून बसला आणि मसाज करायला माणूस धावत आला, की ते सिस्टर ग्लोरियाला हाक मारायचे. ‘‘बघा सिस्टर. त्याला पोटरीत गोळा आला तर मॅच थांबते. मला रोज येतो.’’ सहाही बेडवर हसू फुटायचं. अण्णा सोडून.

हसण्यासारखं बाकी तिथे काही नव्हतं. दिवसभरात सगळं मिळून तीन पेले पाणी, त्यातच चहा. पोटॅशियममुळे केळं चालत नाही, शहाळं तर विषच. राऊतांच्या वाडीत दुसरं काही पिकतच नव्हतं. त्यांचा मुलगा नीलेश त्यांना भाजीच्या टेम्पोतून आणायचा, हात धरून बेडपर्यंत सोडायचा, पेशंटबरोबर आलेल्या आम्हा बायकांसाठी वेलची केळ्यांची फणी ठेवायचा आणि काही न बोलता खाली जाऊन पाच वाजेपर्यंत टेम्पोत बसायचा. ती केळी राऊत आम्हाला स्वतःच्या हाताने वाटत. ‘‘खा. मी वास घेतो.’’

खिडकीजवळच्या बेडवर एक डिसिल्वा टीचर असायच्या. राऊतांच्या कॉमेंट्रीतल्या इंग्रजी चुका त्या दुरुस्त करायच्या. होळीनंतर काही आठवड्यांनी एका गुरुवारी त्या बेडवर कुणी तरी नवीनच पुरुष होता. राऊतांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग विचारलं, ‘‘सिस्टर, टीचर?’’ सिस्टर ग्लोरिया सुईवर चिकटपट्टी लावत राहिल्या. राऊतांनी मग टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. पाच वाजेपर्यंत चित्र तेवढं हलत होतं. शनिवारी आल्या आल्या म्हणाले, ‘‘चला, लाल माती सुरू झाली. आता खरं टेनिस.’’

मेच्या शेवटाला पॅरिसची स्पर्धा आली. उकाड्याने सगळे हैराण होते आणि घसा ओला करायला प्रत्येकाजवळ बर्फाचा एकेक खडा. दोन सामन्यांच्या मधे राऊतांनी विचारलं, ‘‘पाणी मारतायत का?’’ मी पाहिलं तर खरंच चार माणसं लांबलचक पाइप धरून कोर्टावर पाणी मारत होती. ‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘पाइप वर धरलाय ना? धार जमिनीवर सरळ मारायची नाही, खड्डे पडतात. वरून पाऊस पडल्यासारखं सोडायचं.’’ सहाही बेडवरचे लोक त्या पाण्याकडे बघत होते. अण्णांचे ओठ हलताना मला दिसले. पाणी मारून झाल्यावर नव्या पेशंटने हळूच विचारलं, ‘‘परत कधी मारतील?’’

जुलैत एका मंगळवारी विम्बल्डनचा सामना चालू असताना टीव्हीचं चित्र गेलं. आवाज येत होता, पडदा काळा. मी सिस्टरना सांगायला उठणार, तेवढ्यात राऊत म्हणाले, ‘‘बघा, बघा, भोंगा कशी नेटजवळ आली. बेसलाइनपाशी गवताला आता टक्कल पडलंय, म्हणून पुढे पळते. हा गेला बाहेर. गप्प बसली ना? ती गप्प बसली की समजायचं, बाहेर.’’

सगळी खोली त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी अण्णा बोलले. सहा महिन्यांत त्या खोलीत अण्णांचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता.

‘‘राऊत, टीव्ही बंद पडलाय.’’

राऊतांचा उजवा हात रिमोटवर थांबला. ‘‘असं होय,’’ ते म्हणाले. ‘‘माझा तर होळीपासून बंद आहे.’’

साखरेने त्यांचा एक डोळा आधीच नेला होता, दुसऱ्यात आता फक्त उजेड-अंधार कळत होता. मुलगा हात धरून का आणायचा, ते मला तेव्हा कळलं. कुणीतरी कीव करणारं बोललं असतं तर ते तिथल्या तिथे मिटले असते. पण तेवढ्यात सिस्टरनी वायर हलवून चित्र परत आणलं, आणि अण्णा घसा खाकरून टीव्हीकडे बघत म्हणाले, ‘‘डावीकडील खेळाडूने चेंडू जाळ्यात मारला आहे. गुण उजवीकडील खेळाडूस.’’

‘‘अण्णा,’’ राऊत म्हणाले, ‘‘पंचनामा नको. मॅच सांगा.’’

अण्णा शिकले. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत ते चांगलेच शिकले. गवताचा रंग सांगायचे, रेघ पुसट झालेली सांगायचे, जावई कसा तोंड फुगवून बसला ते सांगायचे. राऊत त्यावर आपली मल्लिनाथी करायचे. अमेरिकेचे सामने आपल्याकडे दुपारी लागायचे ते आदल्या दिवशीचे. ‘‘शिळे आहेत,’’ राऊत म्हणायचे, ‘‘पण निकाल कुणी सांगू नका. आपल्याला भूक आहे.’’ घरी मात्र अण्णा आल्या आल्या आडवे व्हायचे आणि मी विचारलेल्या प्रश्नाला मानेने उत्तर द्यायचे.

शनिवारनंतर थेट मंगळवार. मधले दोन दिवस पेशंटला सगळ्यात जड. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सकाळी राऊत वाडीत खुर्चीवर बसले असताना गेले. मंगळवारी सिस्टर ग्लोरियांनी आम्हाला दारातच सांगितलं. अण्णा बेडवर जाऊन झोपले, सुया टोचून घेतल्या आणि चार तास डोळे मिटून राहिले. उठताना म्हणाले, ‘‘उद्या नंदाखालला जायचं.’’ सेंटर सोडून कुठे जायचं म्हणण्याची आठ महिन्यांतली ही पहिली वेळ.

राऊतांचं घर वाडीच्या टोकाला होतं. नीलेशने ओटीवर खुर्च्या मांडल्या. त्याची बायको दाराशी उभी राहिली. मी म्हटलं, ‘‘तुमच्या बाबांनी आम्हाला फार हसवलं. त्यांची ती टेनिसची कॉमेंट्री...’’

नीलेशने मला मधेच थांबवलं. ‘‘कसली?’’

मी सांगितलं. भटजी, भोंगा, जावई.

‘‘आमच्याकडे टीव्ही लावू द्यायचे नाहीत,’’ त्याची बायको म्हणाली. ‘‘तिथून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवण पुढे केलं तर ताट लोटायचे. नातवंडं घाबरायची.’’

‘‘सहा महिन्यांत माझ्याशी एक सरळ वाक्य बोलले नाहीत,’’ नीलेश म्हणाला. ‘‘टेम्पोत जाता-येता पण नाही. माझी किडनी जुळत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी भ्यालो. रोज नारळावर चढायचं, पोरं लहान. मी नाही म्हणालो.’’ त्याने बायकोकडे पाहिलं नाही. ‘‘काका, तिथे ते माझ्याबद्दल काय बोलायचे?’’

राऊत तिथे त्याच्याबद्दल कधीच बोलले नव्हते. त्याचं नावसुद्धा मला त्या दिवशी कळलं. मी मान खाली घातली, कारण माझी किडनी अण्णांना जुळते का, याची तर तपासणीच झालेली नव्हती. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, मी ‘घरी बोलून सांगते’ म्हटलं होतं, आणि घरी आम्ही कुणीच ते बोललो नव्हतो.

अण्णांनी पुढे वाकून नीलेशच्या मनगटावर आपला सुयांनी काळानिळा झालेला हात ठेवला.

‘‘एकदा म्हणाले होते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पोराने नाही म्हटलं ते बरं केलं. त्याने हो म्हटलं असतं तर मला नाही म्हणायला लागलं असतं, आणि मला ते जमलं नसतं. जगायचा लोभ फार असतो. म्हणाले, मी चिडतो तो त्या लोभावर. पोरावर नाही.’’

नीलेश उठला आणि वाडीत गेला. बराच वेळ आला नाही. त्याच्या बायकोने आम्हाला चहा दिला, अण्णांना अर्धा कप.

परतीच्या रिक्षात अण्णा माझ्या शेजारी बसले होते. अण्णा आणि राऊत आपापल्या बेडवरून कुजबुजत आहेत आणि मी बाहेर औषधं आणायला गेलेली, अशा कितीतरी वेळा होत्या. तेव्हा राऊत हे बोललेही असतील. अण्णांनी चाळीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतले होते, आणि एक शब्द पदरचा घातला नव्हता. विरार येईपर्यंत मी विचारायचं ठरवत राहिले. मग त्यांनी आपणहून माझ्या खांद्याला टेकून डोळे मिटले, आणि मी विचारलं नाही.