एकंदरीत चांगला

माझी मावशी औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची वजनं तपासायची. तिथे दोन मशिनं होती. दोन्हींच्या गोळ्यांचं सरासरी वजन सारखंच; पण एकाच्या गोळ्या सरासरीला धरून असायच्या, दुसऱ्याच्या कधी जड, कधी हलक्या. दोन्हींमधला चढउतार ती ताडून बघायची. फरक योगायोगाचा नाही अशी खात्री पटली की दुसरं मशीन बंद करायला लावायची. साहेब कुरकुरले की फटकारायची, "पेशंट सरासरी गिळत नाही, साहेब! तो एक गोळी गिळतो."

लेकीला स्थळ आलं, तेव्हा मात्र या बाईने सगळ्यांना एवढंच विचारलं, "मुलगा कसा आहे?" सगळे म्हणाले, "एकंदरीत चांगला आहे." झालं, तेवढ्यावर हिचं समाधान!

परवा लेक माहेरी आली. गालावरचा वळ केसांनी झाकत म्हणाली, "आई, जिवाला लावून घेऊ नकोस. बहुतेक दिवस तो खरंच चांगला असतो गं."

मग बसची वेळ झाली म्हणून ती निघालीसुद्धा. मावशी दाराकडे बघत बसली. मशीनला निदान बंद करायचं बटण होतं.