बाबांनी जिला पूजा शिकवली

गाडी सकाळी गोंदियाला पोचली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, उरलेल्या दशम्या आणि गावच्या देवस्थान ट्रस्टचं पत्र होतं. ‘आपल्या वडिलांबरोबर पुजाऱ्यांचा वंश संपला, त्यांनी पूजा कोणालाही सोपवली नाही, एवढं सुनावणीत सांगावं,’ अशी त्यात विनंती होती. तेवढ्यासाठी मी नाशिकहून आले होते, आणि खोटं कशाला सांगू, आनंदाने आले होते.

गोरेगावच्या पुढे आमचं गाव. तिथल्या देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे. बाबांना मी एकटीच. त्यांच्यामागे माझा चुलतभाऊ माधव पूजा करू लागला आणि तो गेल्यावर त्याची बायको वत्सला. आता ट्रस्टला पगारी पुजारी नेमायचा होता. वत्सलाचं म्हणणं, ‘हक्क घराण्याचा आहे आणि मी त्या घराची सून आहे.’ सुनावणी दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या धर्मादाय कार्यालयात होती. त्याआधी गाव पाहावं म्हणून मी निघाले.

स्टेशनबाहेरचा रिक्षावाला म्हणाला, “गोरेगाव की बस? बैठिए, अभी मिल जाएगी.” मिळाली. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमध्ये (भातखाचरांत) लाखोरीच्या (लाख डाळीच्या) पिकाची कोवळी हिरवळ होती. शेजारी वांग्यांची टोपली घेतलेली म्हातारी बसली होती.

“कोनाकडं जाऊन राहिल्या?”

“देवळात.”

“पुजारीनबाईकडं! मंग सांगजा त्याइले, माह्या नातवाचा ताप उतरला म्हनून.”

मी कोणाची मुलगी ते मी तिला सांगितलं. “असं का,” ती म्हणाली, आणि पुन्हा पुजारीनबाईबद्दलच बोलू लागली.

थांबा ओळखू न आल्याने मी अलीकडेच उतरले. बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवरून चालताना पाय घसरला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला. अशा अवतारात वत्सलाच्या दारात उभी राहिले. तिने काही न विचारता तांब्याभर पाणी आणून माझ्या पायावर ओतलं.

“ताई, तुमी कायले आल्या ते मले मालूम हाय,” ती म्हणाली. “आधी जेवा.”

तिने आयते (तांदळाच्या पिठाची धिरडी) केले होते. सोबत वांग्याची भाजी, वर मूठभर सांबार (कोथिंबीर). जेवण चांगलं झालं होतं, हेही मला आवडलं नाही.

दिवेलागणीला ती गाभाऱ्यात गेली. देवीचा मुखवटा तिने आधी कोरड्या वस्त्राने हनुवटीपासून वर पुसला. बाबा तसंच पुसायचे. स्तोत्र म्हणताना ती थांबत होती तेही बाबांच्याच जागी. बायका तिच्या हातचं कुंकू घ्यायला वाकत होत्या. मी खांबाला टेकून उभी राहिले, कुंकू घ्यायला गेले नाही.

दहा वर्षांची असताना मी बाबांना म्हणाले होते, मला पूजा शिकवा. “तू परक्या घरची,” म्हणून त्यांनी मला गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसवलं. शेवटच्या वर्षी त्यांचं अंग लुळं पडलं, माधव शेतावर असायचा, तेव्हा सभामंडपात खाटेवर पडून त्यांनी वत्सलाला एकेक शब्द शिकवला. चार दिवस माहेरी आले होते, तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलं. माधवही पुढे तिच्याकडूनच पूजा शिकला. सूनही परक्या घरूनच आलेली असते. पण हे मी बाबांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ट्रस्टच्या वकिलांनी मला विचारलं, “वडिलांनी पूजा कोणाला सोपवली होती का?”

‘नाही’ हा शब्द मी गाडीत घोकून ठेवला होता. वत्सला दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन खाली बघत बसली होती. नाही म्हणायला मला जड गेलं नसतं. पण मग बाबांनी तिला शिकवलंच नाही असं ठरलं असतं; आणि तसं असेल, तर इतकी वर्षं मी कशावर जळत होते?

“वत्सलाला सोपवली,” मी म्हणाले. “स्वतः शिकवली. मी पाहिलंय. मला नाही शिकवली.”

“शेवटचं लिहू नका,” सुनावणी घेणारे साहेब टंकलेखकाला म्हणाले.

पुढे निकाल वत्सलाच्या बाजूने लागला.

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी वत्सला मला सोडायला स्टेशनवर आली. गाडी लागल्यावर खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, “ताई, एक विचारू का? निवद दाखवताना काकाजी देवीच्या कानाशी काहीतरी म्हनत. तेवढं मले सांगाचं राहून गेलं त्याइचं. तुमाले येते का?”

मला येत होतं. चार शब्द होते. उंबऱ्याबाहेर बसलेल्या मुलीला भिंतीतल्या झरोक्यातून ते रोज ऐकू येत.

“नाही गं,” मी म्हणाले. “मला कुठे आत येऊ देत होते?”

तिने मान हलवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली.

नाशिकला शेजारणीने विचारलं, साक्ष कशी झाली? खरी दिली, मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. घराण्याचा हक्क मी सगळ्यांसमोर तिच्या पदरात घातला. ते चार शब्द मात्र अजून माझ्यापाशीच आहेत. फोन करून सांगायला मिनिटही लागणार नाही, हे मला रोज नैवेद्याच्या वेळी आठवतं.