लिव्हरवरचा हात

मंडळी, इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसलोय. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. अप्पा अळणावरला लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. मी धारवाडला राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, तेही फर्स्ट क्लासमध्ये, आणि पुढं तोच विषय शिकवू लागलो. भूत-बित म्हटलं की मी आधी पुरावा मागतो. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली...

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. कलघटगीच्या अलीकडे रस्त्यापासून आत माझ्या थोरल्या अक्काची पोल्ट्री शेड आहे. मी तिचा तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती हौसेनं बांधली आणि दोन वर्षांतच, पावसाळ्यात, कावीळ होऊन ते गेले. सासऱ्यांनी अक्काला तोंडावर सांगितलं — पिल्लांची एक बॅच एकटीनं वाढवून दाखव. जमलं तर शेड तुझी, नाहीतर विकतो, तू माहेरी जा. अक्कानं पिल्लं मागवली, ती नेमकी पौषात.

कर्नाटकात कसली थंडी, असं म्हणणाऱ्यांनी त्या माळावर एकदा पहाट काढावी. कोवळ्या पिल्लांना पत्र्याच्या छत्रीखाली बल्ब लावून ऊब द्यावी लागते. करंट गेला की ती कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. आणि करंट तर रोज पहाटेच जायचा.

त्यासाठी जनरेटर होता. जुना, एका सिलेंडरच्या डिझेल इंजिनवरचा, हँडल मारून चालू करायचा. गारठ्यात ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, हँडल हलता हलत नाही. मग इंजिनच्या पाण्याच्या टाकीत कढत पाणी ओतायचं आणि दोघांनी मिळून चालू करायचं. इंजिनच्या डोक्यावरची लिव्हर वर असते तोवर हँडल फिरतं. वेग आला की दुसऱ्यानं लिव्हर पाडायची, मग इंजिन पेटतं. ज्यानं लिव्हर पाडली त्यानं त्याच क्षणी “हं” म्हणायचं, म्हणजे हँडलवाल्यानं हात काढून घ्यायचा. नाही काढला तर उलटा झटका बसून मनगट मोडतं.

या नवरा-बायकोत हँडल अक्का मारायची आणि लिव्हरवर दाजी! गावातले चिडवायचे, बायको राबते आणि हा नुसतं बोट लावतो. दाजी हसून म्हणायचे, “ताकद तिची, कान माझा.” खरंच होतं ते. वेग पुरेसा आला की नाही हे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. त्यांची लिव्हर कधी चुकायची नाही.

पिल्लं येऊन आठवडा झाला तेव्हा मी सुट्टी काढून गेलो. आल्या आल्या विचारलं, पहाटे जनरेटरला हाताशी कोण येतं? “होतंय की,” अक्का म्हणाली आणि भाकरी थापू लागली. मला वाटलं, शेजारच्या शेतातलं कुणीतरी येत असेल.

दुसऱ्या दिवशी नुकतं उजाडलं होतं आणि करंट गेला. पिल्लांचा एकच कालवा. अक्का आत धावली, ढीग मोडून पिल्लं हातानं पसरू लागली. तिला तिथून उठणं शक्यच नव्हतं. मी बाहेर जनरेटरच्या खोपटात आलो, चुलीवरचं पाणी टाकीत ओतलं, लिव्हर वर केली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. धुकं होतं, पण सगळं स्वच्छ दिसत होतं. कुणी नव्हतं.

वेग आला की एक हात सोडून लिव्हर पाडायला जायचो, तेवढ्यात वेग मरायचा. पुन्हा... पुन्हा. खांदे भरून आले, बोटं बधिर. आतून अक्काचा आवाज आला, “लवकर रे, कोपऱ्यातली मरायला लागली!”

मग मी लिव्हरचा विचारच सोडला आणि डोळे मिटून नुसतं फिरवत सुटलो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

“हं.”

अगदी कानाजवळ. पुरुषाचा आवाज, घाई नसलेला. माझे हात आपोआप मागे आले. डोळे उघडले तेव्हा लिव्हर खाली होती आणि इंजिन धडधडत होतं. शेडमध्ये बल्ब लागले.

मी आत गेलो. अक्का भाताच्या तुसात बसली होती, ओच्यात पिल्लं. मला बघून म्हणाली, “चेहरा का असा पडलाय तुझा?”

मी विचारलं, “अक्का, इतके दिवस तू हे एकटी चालू करत होतीस?”

“एकटी कुठं?” ती म्हणाली आणि ओच्यातली पिल्लं एकेक करून बल्बखाली सोडू लागली.

त्याच दुपारी, ऊन पडल्यावर, इंजिन बंद असताना मी लिव्हर वर करून दम लागेस्तोवर हँडल मारून बघितलं. लिव्हर जागची हलली नाही. ती पाडायला अंगठ्याचा चांगला जोर लावावा लागत होता. हादऱ्यानं पडली असेल, असं मी विद्यार्थ्याला सांगेन एकवेळ, पण स्वतःची सही त्याखाली करणार नाही. आणि “हं”चं काय?

बॅच चांगली गेली. सासरे येऊन शेडभर फिरले आणि किल्ली अक्काच्या हातात ठेवून गेले. त्यानंतर अक्कानं मला पहिलं काम सांगितलं ते हुबळीहून जनरेटरला सेल्फ-स्टार्ट आणि बॅटरी आणायचं. मला नवल वाटलं. म्हटलं, चाललंय की तुझं व्यवस्थित, आता कशाला हवंय?

अक्का इंजिन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “थंडीत त्यांना किती दिवस उठवायचं, तम्मा?”