हाताच्या मापाचा फोन

शकिलाबींची आणि या ओळी लिहिणाऱ्या यशोदाबाईची ओळख एका पाटीमुळे झाली. अहमदपुरात मोंढ्यामागच्या शाळेत दुपारी तीन ते पाच मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग भरतो. त्या दिवशी पाट्या कमी पडल्या, म्हणून शिकवणाऱ्या उज्वलाबाईंनी दोघींमध्ये एकच पाटी दिली. पुढे तीन महिने दोघी त्याच पाटीवर गिरवत बसल्या. त्या बैठकीत शकिलाबींनी जे सांगितले, ते येथे विचारपूर्वक मांडले आहे.

शकिलाबींचे वय साठीला टेकलेले. बांगड्या भरण्याचा धंदा सासूकडून आलेला. समोरच्या बाईचा पंजा हातात घेऊन त्या अंगठ्याच्या मुळाशी एकदाच दाबतात आणि माप सांगतात. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. चाळीस वर्षांत माप चुकले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि बाजारातल्या बायका ते मान्य करतात. मात्र त्यांचे स्वतःचे हात पती खाजामियाँ गेल्यापासून रिकामेच आहेत.

त्यांची एकुलती लेक आलिया. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकींनी घरातल्या घरात हातांची एक बोली तयार केली. तळहातावर दोन बोटे चालवली की ‘मी येते’. छातीवर मूठ ठेवली की ‘काळजी नको’. पुढे आलिया लातूरला निवासी शाळेत राहून मराठी लिहावाचायला शिकली. त्याच शाळेतल्या शहेबाजशी तिचे लग्न झाले. त्यालाही ऐकू येत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीला तो वेल्डिंगचे काम करतो. लेकीने फोनवर लिहून पाठवले तर आईला वाचता येत नव्हते, आणि आईने बोलून पाठवले तर लेकीला ऐकू येत नव्हते. म्हणून दोघींना एकच वाट उरली होती. व्हिडिओ लावायचा आणि हातांनी बोलायचे.

आलियाला नववा महिना लागला आणि शकिलाबींचा जीव थाऱ्यावर राहीना. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण तिकडेच ठरले होते. तारखेच्या आठ दिवस आधी शकिलाबी जाणार होत्या. तोवर लेकीशी रोज बोलणे हवे. पण जवळचा फोन म्हणजे भाच्याने वापरून टाकलेला, पाटाएवढा रुंद. तो धरायला दोन्ही हात लागत, आणि दोन्ही हात अडकले की शकिलाबींचे तोंड शिवल्यासारखे होई. बांगड्यांच्या पेटीला टेकवून ठेवला तर गिऱ्हाइकाच्या पदराने पडे. पडता पडता एक दिवस तो कायमचा विझला.

बसस्टँडसमोर सोमेशचे मोबाइलचे दुकान आहे. त्याने काउंटरवर दोन फोन ठेवले, एक मोठा आणि एक लहान. भाव दोन्हींचा मधला.

“चाची, मोठा न्या. घरात टीव्ही लावल्यावानी दिसतंय.”

“मला टीव्ही न्हाई बघायचा, बाबा. लेकीसंगं बोलायचंय.”

शकिलाबींनी दोन्ही फोन एकेक करून पंजात घेतले आणि सवयीने दाबले.

“हा पावणेतीनचा हाय. मपल्या हातात न्हाई बसत. अन् हा सव्वादोन.”

सोमेश हसला. “आता फोनला बी बांगडीचं माप लावता काय? बरं, लहान बी वाईट न्हाई. एका हातात मावतो, पळतो जोरात, फोटो साफ काढतो. पण खोटं न्हाई सांगत, ह्याच्या बॅटरीचं पोट लहान हाय. व्हिडिओवर लई बोललात तर दुपारीच उपाशी. मधल्या भावात सगळं न्हाई भेटत, चाची. एक धरलं की एक सोडावं लागतं.”

“अन् न्हाई जमला तर?”

“आठ दिवस वापरा. न्हाई जमला तर मोठा नेऊन टाका. फक्त काच फुटली न्हाई पायजे.”

“काचंचं मला नको शिकवू. उभी हयात काच सांभाळून राहिले मी.”

आठ दिवस मिळाले आणि शकिलाबींचे मन तराजूच्या काट्यासारखे हलू लागले. पहिल्या दिवशी लहान फोनचे पारडे जड. डाव्या पंजात फोन, उजवा हात मोकळा. कित्येक महिन्यांनी त्या लेकीशी पोटभर बोलल्या. तिकडे आलियाच्या फोनवर आईचा हात स्वच्छ दिसला, पण इकडे आलियाची बोटे जोंधळ्याच्या दाण्यांएवढी दिसत होती. शकिलाबींच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. बोलता येत होते, पण समोरचे कळत नव्हते. तिसऱ्या दिवशी बॅटरी दुपारीच संपली. त्या घरी गेल्या, फोन चार्जिंगला लावला, चूल पेटवायची सोडून त्याच्यासमोर बसल्या. आकडे त्यांना धंद्यामुळे येत होते. अकरा टक्के, बारा टक्के. उठून दारापर्यंत जात, परत येऊन तेरा पाहत. मोठा घ्यावा, तर दिसेल पण बोलता येणार नाही. लहान ठेवावा, तर बोलता येईल पण दिसणार नाही.

चौथ्या दिवशी शीला नावाची गिऱ्हाईक समोर बसली होती. बांगडी तिच्या अंगठ्यापाशी अडकली आणि शकिलाबींची नजर पेटीवरच्या फोनकडे गेली.

“चाची, हात मपला धरलाय अन् ध्यान कुठं हाय?”

“लेकीचे दिवस भरले, पोरी.”

“मग तिच्या हातात भरा की. मला कशाला रगडून राहिल्या?”

शीला थट्टेने बोलली, पण शकिलाबींना त्यातून युक्ती सुचली. त्या दुसऱ्याच दिवशी विष्णुपुरीला गेल्या. सातव्या महिन्यात, सतवाशाच्या कार्यक्रमाला, त्यांनीच लेकीच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला होता. आता उजव्या हातातला हिरवा ठेवला आणि डाव्या हातात लाल भरला. मग हातांनी समजावले. बोटे दिसत नाहीत, रंग दिसतो. बरे असेल तर हिरवा हात वर कर. मला बोलवायचे असेल तर लाल हात वर कर. आलियाने मान हलवली. शहेबाजनेही ती खूण पाठ केली. शकिलाबी संध्याकाळी परतल्या. त्या रात्री त्यांना थोडी झोप लागली.

दोन दिवस हिरवा हात वर येत राहिला. तरीही मनाची तगमग थांबेना. तारीख अजून अडीच आठवडे दूर होती, आणि ऐन वेळी रंगावर किती विसंबायचे? आठव्या दिवशी त्यांनी निश्चय केला की डोळ्यांना दिसले पाहिजे, मोठाच घ्यावा. लहान फोन रुमालात गुंडाळून त्या सोमेशच्या दुकानाची पायरी चढल्या, आणि रुमालातच फोन थरथरला.

स्क्रीनवर आलिया होती. तिने दोन्ही हात वर केले. ना लाल, ना हिरवा. मनगटे उघडी होती. चित्र तुटले आणि गेले.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. शकिलाबींच्या धंद्यात रिकामा हात दोनच प्रकारचा असतो. एक भरून घ्यायला आलेला आणि दुसरा कायमचा उतरवलेला. दुसरा प्रकार त्यांनी स्वतःच्या मनगटावर पाहिला होता. त्यांच्या मनात एकदम शहेबाज आला, वेल्डिंगच्या ठिणग्या आल्या, उंच शिडी आली.

“काय झालं, चाची?” सोमेशने विचारले.

“हात रिकामे हायत.”

“कुणाचे?”

शकिलाबींनी फोन मुठीत घट्ट धरला. त्या वळल्या.

“अहो, बॅटरी बघा की, अठरा टक्के हाय. मोठा देतो, घेऊन जा.”

“आता न्हाई. तिचा नंबर ह्याच्यात हाय.”

नांदेडच्या एसटीत उभे राहायलाच जागा मिळाली. शकिलाबींनी कोपर दांडीभोवती गुंतवले, डाव्या पंजात फोन धरला आणि उजवा हात मोकळा ठेवला. मोठा फोन असता तर हे जमलेच नसते. दोनदा कोणी उचलले नाही. माळाकोळीच्या अलीकडे तिसऱ्यांदा उचलले गेले. हिरवा कपडा दिसला, छत दिसले, मग लेकीचा चेहरा. ‘मी येते’ म्हणायला खाली तळहात हवा, आणि तळहातावर तर फोन होता. शकिलाबींनी दोन बोटे हवेतच चालवली. एकदा, दोनदा. आलिया काही सांगू लागली, तोच फोन काळा पडला.

शेजारच्या बाईने विचारले, “मावशी, कुणाला हात करून राहिल्या?”

“लेकीला.”

“फोन तर बंद पडलाय तुमचा.”

“हाव. आत्ताच पडला.”

बाईने स्वतःचा फोन पुढे केला. पण लेकीचा नंबर बंद फोनच्या पोटात होता, आणि तो पाठ असता तरी लेकीला नुसता आवाज ऐकवून काय साधणार होते? लोहा गाव आले, लोहा गेले. शकिलाबींना बसायला जागा मिळाली, पण त्या बसल्या नाहीत. बसल्याने एसटी हळू होईल, असे त्यांना वाटत होते.

विष्णुपुरीच्या फाट्यावर उतरून त्या धावत-चालत लेकीच्या घरी गेल्या, तिथे कुलूप दिसले, आणि शेजाऱ्यांनी सांगितल्यावर दवाखान्यात पोहोचल्या. वॉर्डाच्या दारात शहेबाज चहाचा पेला घेऊन उभा होता. शकिलाबींनी आधी त्याचेच दोन्ही हात धरले, चहा सांडला तरी सोडले नाहीत. आत आलिया झोपली होती आणि तिच्या कुशीत तासाभराची मुलगी. उशाशी कागदात गुंडाळून, पट्टीच्या कापडाने बांधलेल्या बांगड्या होत्या, लाल आणि हिरव्या. एकही फुटली नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, “अचानक ऑपरेशन करावं लागलं, मावशी. ऑपरेशनला बांगड्या काढाव्याच लागतात. तुम्ही स्वतः बांगडीवाल्या ना? तुम्हाला माहीत नव्हतं?”

 बाळंत होऊन आलेल्या शेकडो बायकांचे हात शकिलाबींनी पुन्हा भरले होते. ते रिकामे कुठे झाले, हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

आलियाला जाग आली. तिने आधी मुलगी दाखवली, मग हातांनी विचारले, ‘येणार हे कळवले का नाहीस?’ शकिलाबींनी बोटे चालवून दाखवली. आलियाने नकारार्थी मान हलवली. तिला फक्त दांडी, खिडकी आणि पळणारी झाडे दिसली होती. आत नेईपर्यंत ती फोनकडे पाहत राहिली होती. तिने उशाखालून आपला फोन काढला, काही अक्षरे टाइप केली आणि सिस्टरांपुढे धरली.

सिस्टरांनी वाचले, “निघाले.”

आलियाने फोनच्या कोपऱ्यातल्या बॅटरीवर बोट ठेवले, मग दोन बोटे दाखवली. दोन टक्के बॅटरी असती तरी एवढा एक शब्द लिहून आला असता. मग तिने मूठ आईच्या छातीवर ठेवली.

शकिलाबी अहमदपूरला परतल्या तेव्हा सोमेशने मोठा फोन पुन्हा पुढे केला.

“आठ दिवस होऊन गेले, चाची, पण तुमच्यासाठी चालतंय. देऊ?”

“राहू दे. ह्याचं पोट लहान हाय, अन् मपली नजर अधू. पण हातात बसतो. उरलेलं मपल्याकडूनच व्हायचं हाय.”

त्याच आठवड्यात त्या पहिल्यांदा अक्षरवर्गात आल्या. उज्वलाबाईंनी फळ्यावर अ काढला होता. शकिलाबींनी अर्धी पाटी स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, “बाई, अ आ मागून शिकवा. आधी मला ‘निघाले’ एवढं लिहायला शिकवा.”